सर्व म्हणजे कोण

गुरुवारी वाचनालयात मी लोकांना
विसरलेले पासवर्ड शोधून देते,
फोनवरची अक्षरं मोठी करून देते.
कुणाच्या घरी जायचं नाही, असा नियम आहे.
पण आउने फोनवर एवढंच म्हणाली,
"कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. आणि तो जेवत नाही."

सावोनलिन्नाच्या पुढे अकरा किलोमीटर.
मार्च. उन्हात उजेड होता, ऊब नव्हती.
अंगणात बर्फात बुडालेल्या मधमाश्यांच्या नऊ पेट्या,
प्रत्येकीच्या तोंडाशी लाकडाची पट्टी,
पट्टीत करंगळी जाईल एवढी फट.

ताइस्तो स्टुलावर बसला होता, खुर्ची मला सोडून.
चाळीस वर्षं तळ्यावरच्या बोटींची इंजिनं
नुसत्या कानानं दुरुस्त केलेला माणूस.
जानेवारीत त्याला फोन आला होता,
बँकेतून बोलतोय म्हणणारा, लाघवी.
"स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरत होता,
आणि मी त्याचे आभार मानत होतो."
चार हजार दोनशे युरो.
आउनेला सांगायला नऊ दिवस लागले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो;
यानं ताकाचं भांडंच पालथं घातलं.
रात्रभर एकटा बसून
एकेका फोल्डरवर टिचकी, एकेका चौकटीत खूण.
वाचणे, नकार.
लिहिणे, नकार.
कुणाला? यादीत सगळ्यात वर शब्द होता: सर्व.
त्यानं तो निवडला.
"सर्व म्हणजे ते," खिडकीबाहेर हात करून तो मला म्हणाला,
"मला काय माहीत, त्यात मीही असेन."

यंत्र नकार आधी वाचतं.
दहा होकार असू देत, एक नकार पुरून उरतो.
पडद्यावर तळं दिसायचं, तळ्यातली बोट दिसायची,
पण ज्यावर बोट ठेवावं ते म्हणायचं, प्रवेश नाकारला.
फार सभ्यपणे. त्या बँकवाल्यासारखं.

मी सेफ मोडमधून आत शिरले.
कारखान्यातूनच आलेलं, कुणी कधी न वापरलेलं
एक खातं तिथे झोपलं होतं, त्याला उठवलं.
मालकी मागितली. मिळाली.
खालच्या सगळ्यांना लागू करू का?
कर.
आणि नावं पळू लागली:
राणीमाश्या, छपराचा खर्च, आउने गुडघा एक्स-रे,
मध लेबल शेवटचं, मध लेबल खरंच शेवटचं,
रिस्तोला पत्र, पाठवलेलं नाही.
मी ते वाचलं.
मी वाचलं हे त्यानं पाहिलं.
मग मी बराच वेळ पेट्या मोजत बसले. नऊच होत्या.

आउने गोड पाव घेऊन आली, वेलदोड्याच्या वासाचा.
ताटली त्याच्या गुडघ्यावरच ठेवली.
"पेटीचं तोंड कधी असं गच्च बंद केलंस का रे?"
"उंदीर..." तो पुटपुटला.
"उंदरांसाठी पट्टी. आणि फट कुणासाठी?"
तो पाव खाऊ लागला. आधी कडेकडेनं.

दोन खाती करून दिली.
एक रोजचं, हात बांधलेलं,
दुसरं मालकाचं, त्याचा पासवर्ड कागदावर
त्याच्याच अक्षरात, कॉफीच्या डब्यात.
नाव टाइप करताना तो एकदा चुकला,
दोन बोटांनी मागे गेला, पुन्हा लिहिलं.
पैसे आले नाहीत. येणारही नाहीत, बहुतेक.

निघताना आउने म्हणाली, एक लेबल छापून बघू.
त्यावर साल मागचंच होतं.
ताइस्तोनं चष्मा सरकवला,
एक आकडा खोडला, एक लिहिला,
आणि सेव्हवर बोट धरून थांबला,
दारावर टकटक करून थांबावं तसा.

झालं सेव्ह.
यंत्रानं काही विचारलं नाही.